नर्सिंग होममधील जखमांचा हिशेब

अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या वृद्धाच्या वाट्याला दिवसाकाठी किमान किती वेळ परिचर्या यावी, हे ठरवून देणारा नियम तेथील प्रशासनाने डिसेंबर 2025 मध्ये रद्द केला. एप्रिल 2024 मध्ये जाहीर झालेला हा नियम पूर्णपणे कधी अमलात आलाच नाही. आधी न्यायालयाने तो अडवला, मग काँग्रेसने त्याची अंमलबजावणी थेट 2034 पर्यंत लांबणीवर टाकली आणि अखेर प्रशासनाने तो मोडीतच काढला. वरवर पाहता हा मनुष्यबळाच्या आकड्यांचा रुक्ष वाद वाटतो. तथापि, त्याचे परिणाम कागदावर राहत नाहीत. ते पाठीवरच्या न भरणाऱ्या जखमांत, मोडलेल्या खुब्याच्या हाडात आणि पाण्यावाचून शुष्क झालेल्या जिभेत दिसतात. म्हणूनच या निर्णयाकडे अमेरिकेचा अंतर्गत प्रशासकीय प्रश्न म्हणून पाहून चालणार नाही. म्हातारपणाची व्यवस्था घराबाहेर करू लागलेल्या प्रत्येक समाजापुढे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच आहे.

येथे शब्दाचा थोडा खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात 'नर्सिंग होम' म्हटले की एखाद्या डॉक्टर दांपत्याचे दहा-वीस खाटांचे रुग्णालय डोळ्यांपुढे येते. राज्यातील 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यालाही तोच अर्थ अभिप्रेत आहे. अमेरिकेतील नर्सिंग होम ही निराळी संस्था आहे. ज्यांना स्वतःच्या हाताने अंघोळ, जेवण, शौच जमत नाही, ज्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे, पक्षाघाताने ज्यांचे अर्धे अंग निकामी झाले आहे, अशा वृद्धांचा तेथे महिनोन्‌महिने, प्रसंगी अखेरपर्यंत मुक्काम असतो. आपल्याकडचा वृद्धाश्रम आणि रुग्णालय यांच्या मधली ही जागा होय. अशी सुमारे 15 हजार नर्सिंग होम अमेरिकेत असून त्यांत सुमारे 12 लाख माणसे राहतात.

या संस्थांतील छळ आणि हेळसांड यांची चर्चा होते ती बहुधा एखादी चित्रफीत बाहेर आल्यावर. लपवून ठेवलेल्या कॅमेऱ्यात एखादा कर्मचारी वृद्धेच्या अंगावर हात टाकताना दिसतो, संताप उसळतो, कर्मचाऱ्याला अटक होते आणि विषय संपतो. अशी मारहाण घडते, यात शंका नाही. मात्र नर्सिंग होममधील दुखापती आणि आजारांचा मोठा भाग निर्माण होतो तो कुणी हात उगारल्यामुळे नव्हे, तर वेळेवर मदतीला हात पोहोचलाच नाही म्हणून.

दोन तासांचे गणित

शय्याव्रणाचे उदाहरण घ्यावे. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की माकडहाड, खुबा, टाचा अशा हाडांवरच्या त्वचेवर शरीराचा भार येतो आणि तेथील रक्तपुरवठा खंडित होतो. प्रथम त्वचा लाल होते. याच टप्प्यावर कूस बदलली, त्वचा कोरडी ठेवली, आहारात प्रथिने वाढवली, तर बहुतेक वेळा पुढचे टळते. ते झाले नाही तर त्वचा फाटते, जखम खोल जाते आणि चौथ्या टप्प्यात स्नायू, प्रसंगी हाडही उघडे पडते. मूत्र आणि विष्ठेने भिजलेले अंथरूण वेळेवर बदलले गेले नाही, की या जखमेत जंतुसंसर्ग होतो. तो हाडात किंवा रक्तात पसरला तर रुग्णाचा जीव जातो.

दर दोन तासांनी कूस बदलावी, हा परिचर्येतील जुना धडा आहे. त्याचे साधे गणित मांडून पाहावे. समजा, रात्रपाळीला एका सहायिकेकडे 20 परावलंबी वृद्ध आहेत. एकाची कूस बदलणे, ओले कपडे काढणे, अंग पुसणे यासाठी अवघी सहा मिनिटे धरली, तरी 20 जणांचे मिळून 120 मिनिटे होतात. म्हणजे पूर्ण दोन तास. विसाव्या खाटेवरून ती थेट पहिल्या खाटेपाशी परतली, तरच गणित जुळते. मधल्या वेळात कुणी घंटा वाजवायची नाही, कुणी पडायचे नाही, कुणाला उलटी व्हायची नाही आणि सहायिकेनेही पाणी प्यायला थांबायचे नाही. हे अशक्य आहे, हे सांगायला परिचर्येची पदवी लागत नाही. मग काही जणांची कूस बदललीच जात नाही. सकाळी मात्र तक्त्यावर सर्वांच्या नावापुढे खूण केलेली असते.

उरलेल्या दुखापतींची साखळीही अशीच आहे. वृद्धापकाळी तहानेची जाणीव मंदावते. समोर पेला ठेवून भागत नाही, तो ओठांना लावावा लागतो. तो लावला गेला नाही की शरीरातील पाणी कमी होते, मूत्रमार्गाला संसर्ग होतो आणि वृद्ध व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागते, रात्री आरडाओरडा करते. मूळ कारण शोधण्याऐवजी तिला गुंगीचे औषध दिले जाते. त्या गुंगीत ती शौचालयाकडे जायला उठते आणि पडते. खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा चालू लागेलच याची शाश्वती नसते आणि अंथरुणाला खिळली की शय्याव्रणाचा धोका पुन्हा उभा राहतो. भरवताना घाई झाली तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, भरवायला कुणी नसेल तर कुपोषण होते. रुग्णालयाच्या कागदावर यांची निदाने निरनिराळी लिहिली जातात. परंतु त्यांचे मूळ एकच असते, आणि ते म्हणजे त्या पाळीत कामावर असलेल्या माणसांची संख्या.

अर्थात, प्रत्येक जखमेला हेळसांड म्हणणे अन्यायाचे ठरेल. मरणासन्न रुग्णाची त्वचा उत्तम शुश्रूषेनंतरही फाटू शकते. सर्वांना खाटेला बांधून ठेवले तर एकही जण पडणार नाही, पण तीही क्रूरताच होय. म्हणूनच किती जखमा झाल्या, यापेक्षा त्यांपैकी किती टाळता आल्या असत्या, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर अमेरिकी सरकारच्याच दप्तरात आहे.

सरकारी चौकशीतील आकडे

अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी फेब्रुवारी 2014 मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. रुग्णालयातून सुटून उपचारांसाठी नर्सिंग होममध्ये आलेल्या वृद्धांच्या, ऑगस्ट 2011 मधील नोंदी डॉक्टरांकडून तपासून घेऊन तो तयार झाला होता. त्यानुसार 22 टक्के रुग्णांना त्या मुक्कामात गंभीर स्वरूपाची हानी पोहोचली, तर आणखी 11 टक्के रुग्णांना तात्पुरता त्रास झाला. म्हणजे तिघांतील एकाला काही ना काही इजा झाली. त्यातील 59 टक्के घटना निश्चितपणे किंवा बहुधा टाळता येण्याजोग्या होत्या, असा निष्कर्ष डॉक्टरांनी काढला. अपुरी देखरेख, उपचारांतील विलंब आणि चुकीचे उपचार ही त्यांची कारणे होती. इजा झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले. त्या एका महिन्यात रुग्णालयांचा हा खर्च सुमारे 20 कोटी 80 लाख डॉलरच्या घरात गेला, असे अहवालाने नमूद केले. कर्मचाऱ्यांच्या पगारात वाचवलेला पैसा अशा रीतीने जनतेच्या तिजोरीतून रुग्णालयांकडे जात होता.

छळाची आकडेवारीही बोलकी आहे. काँग्रेससाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या 'गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस'ने 2019 मध्ये दाखवून दिले, की तपासनिसांनी छळाबद्दल नर्सिंग होमवर ठेवलेल्या ठपक्यांची संख्या 2013 ते 2017 या काळात दुपटीहून अधिक झाली होती. त्याच वर्षी महानिरीक्षकांनी 2016 मधील तातडीच्या उपचारांच्या नोंदी तपासल्या. ज्या निदानांमागे छळ किंवा हेळसांड असण्याची शक्यता जास्त, अशा नोंदींपैकी पाचांतील एका घटनेत ती शक्यता खरोखरच दिसून आली. यातील अनेक घटनांची खबर नर्सिंग होमनी सरकारला दिलेली नव्हती.

खबर न देण्याची ही प्रवृत्ती अद्याप गेलेली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये महानिरीक्षकांनीच आणखी एक अहवाल दिला. पडून गंभीर दुखापत झाली आणि रुग्णालयात दाखल करावे लागले, अशा घटनांपैकी 43 टक्के घटना नर्सिंग होमनी आपल्या नोंदीत दाखवल्याच नव्हत्या. ही बाब केवळ कागदोपत्री कसुरीची नाही. सरकार 2008 पासून प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देते आणि आई-वडिलांसाठी जागा शोधणारी कुटुंबे ते तारे पाहून निर्णय घेतात. ज्या संस्थेने पडझड लपवली, तिचे चित्र या माहितीत उजळ दिसते आणि जिने प्रामाणिकपणे नोंदवली, ती मागे पडते. लपवणाऱ्याचा फायदा व्हावा अशीच ही रचना आहे.

औषधांच्या बाबतीतही तेच घडले. मनोविकारांवरील गुंगी आणणारी औषधे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला होता. तरीही ती वापरली जातात, कारण झोपलेला वृद्ध कुणाला हाक मारत नाही. सरकारने या औषधांचे प्रमाण मोजायला सुरुवात केली. मात्र स्किझोफ्रेनिया झालेल्या रुग्णांना त्या मोजणीतून वगळले. परिणामी, म्हातारपणी क्वचितच नव्याने उद्भवणाऱ्या या आजाराचे निदान अनेक नर्सिंग होममध्ये वाढू लागले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सप्टेंबर 2021 मध्ये हा प्रकार उघडकीस आणला आणि जानेवारी 2023 मध्ये सरकारला अशा निदानांची तपासणी सुरू करावी लागली.

रस्त्यापलीकडचे रुग्णालय

सप्टेंबर 2017 मध्ये 'इर्मा' चक्रीवादळ फ्लोरिडावर आदळले. हॉलिवूड नावाच्या शहरातील एका नर्सिंग होमच्या वातानुकूलन यंत्रणेचा वीजपुरवठा तुटला. इमारतीत दिवे होते, पंखे होते, परंतु उष्मा असह्य होता. विजेची वाट पाहण्यात तीन दिवस गेले. रस्त्याच्या पलीकडे वातानुकूलन सुरू असलेले मोठे रुग्णालय होते. 13 सप्टेंबरच्या पहाटे वृद्ध एकामागून एक कोसळू लागले, तेव्हा त्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी धावून येऊन इमारत रिकामी केली. उष्माघाताशी निगडित मृत्यूंची संख्या 12 झाली. वैद्यकीय तपासणी अधिकाऱ्यांनी या मृत्यूंची नोंद मनुष्यवध म्हणून केली.

पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. नर्सिंग होमचा परवाना गेला. व्यवस्थापक आणि तीन परिचारिकांवर खटले भरले गेले. 2022 मध्ये परिचारिकांवरील आरोप मागे घेण्यात आले आणि 2023 मध्ये न्यायाधीशांनी व्यवस्थापकालाही दोषमुक्त केले. बारा माणसे गेली आणि कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार कुणीच ठरला नाही. मात्र याच घटनेतून एक उपयुक्त गोष्ट निष्पन्न झाली. फ्लोरिडाने 2018 मध्ये प्रत्येक नर्सिंग होमला जनरेटर आणि 96 तास तापमान 81 अंश फॅरनहाइटच्या आत राखता येईल एवढ्या इंधनाची सोय बंधनकारक केली. व्यक्तीला शिक्षा देणे न्यायालयाला जमले नाही, परंतु पुढच्या वादळात काय घडू नये हे एका मोजता येण्याजोग्या नियमाने सांगितले. हेळसांडीवरचा इलाज असा नेमक्या आकड्यांतच मांडावा लागतो.

2020 मध्ये करोनाने हेच मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले. अमेरिकेतील नर्सिंग होममधील पहिला मोठा उद्रेक वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड येथे फेब्रुवारीच्या अखेरीस समोर आला. त्यानंतरच्या काळात देशभरातील नर्सिंग होममधील दीड लाखांहून अधिक रहिवासी या साथीने दगावले. विषाणू नवा होता. परंतु एकाच कर्मचाऱ्याने पोटासाठी दोन-तीन संस्थांत काम करणे, एका खोलीत अनेक खाटा आणि संसर्ग-नियंत्रणाकडे दुर्लक्ष, हे सारे जुनेच होते.

पैसा कुठे जातो?

नर्सिंग होमच्या वास्तव्याचा खर्च वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक होतो. 65 वर्षांवरील नागरिकांसाठी असलेली 'मेडिकेअर' योजना रुग्णालयानंतरच्या उपचारांसाठी फार तर 100 दिवसांचा भार उचलते. त्यापुढे माणूस आपली शिल्लक संपवतो आणि गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' योजनेत दाखल होतो. आज नर्सिंग होममधील दहांपैकी सहांहून अधिक रहिवाशांचा खर्च 'मेडिकेड' देते. म्हणजे पैसा मुख्यतः सरकारचा, तर संस्था मात्र 70 टक्क्यांहून अधिक नफ्यासाठी चालवल्या जाणाऱ्या.

संस्थाचालकांचे म्हणणे असे, की 'मेडिकेड'चे दर परवडत नाहीत आणि परिचारिका मिळत नाहीत. त्यात तथ्य आहे. परिचारिकांची टंचाई खरी आहे आणि ग्रामीण भागांतील अनेक नर्सिंग होम बंदही पडली आहेत. परंतु टंचाईलाही कारणे असतात. 2017 आणि 2018 मधील वेतनपटांच्या आधारे झालेल्या एका अभ्यासात परिचर्या कर्मचाऱ्यांच्या सोडून जाण्याचे वार्षिक प्रमाण सरासरी 128 टक्के आढळले. याचा अर्थ, वर्षभरात सगळे कर्मचारी बदलून पुन्हा काही बदलतात. कंबर मोडणारे काम, अपुरे वेतन आणि वीस खाटांचा भार यामुळे माणसे टिकत नाहीत आणि माणसे टिकत नाहीत म्हणून उरलेल्यांवर भार वाढतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेला कोणत्या बाजूने भरवायचे, ती कशाने घाबरते, हे जाणणारी सहायिका दर काही महिन्यांनी बदलत असेल, तर शुश्रूषेचा धागाच तुटतो.

गुंतवणूक कंपन्यांनी ताब्यात घेतलेल्या नर्सिंग होमविषयीचा एक अभ्यास फेब्रुवारी 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा संस्थेत अल्पकाळासाठी दाखल झालेल्या रुग्णांचा मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 10 टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. तेथे परिचारिकांचे तास घटले होते आणि गुंगीच्या औषधांचा वापर वाढला होता. तेव्हा पैसाच नाही, हे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. भाडे, व्यवस्थापन-शुल्क आणि कर्जावरील व्याज या रूपांनी तो कुठे वळवला जातो, हे सरकारला दिसत नाही, हा खरा मुद्दा आहे.

चाळीस वर्षांची टाळाटाळ

हे सगळे नव्याने कळले आहे, असेही नाही. अमेरिकेच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने 1986 मध्ये नर्सिंग होमच्या दुरवस्थेवर सविस्तर अहवाल दिला. त्यावरून डिसेंबर 1987 मध्ये कायदा झाला. रहिवाशाला दोराने वा औषधाने जखडून ठेवू नये, हा त्याचा हक्क मान्य झाला. किमान दर 15 महिन्यांत एक अघोषित तपासणी, सहायकांना किमान 75 तासांचे प्रशिक्षण, रोज आठ तास एक नोंदणीकृत परिचारिका, अशी कलमे आली. बांधून ठेवण्याचे प्रकार त्यानंतर खरोखरच घटले. त्या कायद्यातील हक्कांसाठी सरकारी मालकीच्या नर्सिंग होमविरुद्ध न्यायालयात जाता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये दिला. तो खटलाही औषधांनी जखडलेल्या एका स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या कुटुंबानेच लढवला होता.

मात्र एक पोकळी राहून गेली. कर्मचारी 'पुरेसे' असावेत, एवढेच कायद्याने म्हटले. पुरेसे म्हणजे किती, हे सांगितले नाही. 2001 मध्ये सरकारनेच करवून घेतलेल्या अभ्यासाने उत्तर दिले, की दीर्घकाळ राहणाऱ्या रुग्णामागे दिवसाला सुमारे 4.1 तासांहून कमी परिचर्या मिळाली तर इजा वाढतात. हा अहवाल दोन दशके धूळ खात पडला. करोनातील मृत्यूंनंतर एप्रिल 2024 मध्ये जो नियम आला, तो 3.48 तासांचा होता. त्यात 0.55 तास नोंदणीकृत परिचारिकेचे, 2.45 तास सहायकांचे आणि चोवीस तास एक नोंदणीकृत परिचारिका हजर, अशी अट होती. ग्रामीण संस्थांना अधिक मुदत आणि अडचणीतील संस्थांना सवलतही होती. एवढ्या सौम्य नियमानुसारही सुमारे 79 टक्के नर्सिंग होमना नवी माणसे नेमावी लागली असती, असा सरकारचाच अंदाज होता. दुसरीकडे, या नियमामुळे वर्षाला सुमारे 13 हजार प्राण वाचतील, असा अंदाज पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील संशोधकांनी वर्तवला होता.

नर्सिंग होमचालकांची संघटना टेक्सासमधील न्यायालयात गेली. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की 1987 च्या कायद्याने आठ तासांची परिचारिका सांगितली असताना चोवीस तासांची सक्ती करण्याचा अधिकार खात्याला नाही. निकाल कायद्याच्या अर्थापुरता होता. काँग्रेसने मनावर घेतले असते तर कायदाच बदलता आला असता. काँग्रेसने केले ते उलट. जुलै 2025 च्या अर्थविषयक कायद्यात या नियमाची अंमलबजावणी 2034 पर्यंत रोखली गेली आणि त्यातून सरकारी खर्चात बचत दाखवण्यात आली. खाटेवरच्या माणसाला मिळणारे तास हे अंदाजपत्रकात 'बचत' म्हणून मांडले गेले, हे या प्रकरणाचे सार आहे.

याहून निराळा मार्ग नाही, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर 2018 मध्ये वृद्धसेवेच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला गेला. त्याच्या 2019 मधील अंतरिम अहवालाचे शीर्षक एकाच शब्दाचे होते, 'हेळसांड'. मार्च 2021 मध्ये 148 शिफारशींचा अंतिम अहवाल संसदेपुढे आला. जुलै 2023 पासून वृद्धनिवासांत चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका सक्तीची झाली. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक रहिवाशामागे सरासरी 215 मिनिटांची परिचर्या आणि त्यातील 44 मिनिटे नोंदणीकृत परिचारिकेची, असे प्रमाण ठरले. गंभीर घटना 24 तासांच्या आत कळवण्याची सक्ती एप्रिल 2021 पासूनच आहे. तेथील सर्व संस्था हे प्रमाण गाठतातच असे नाही. टंचाई तेथेही आहे. परंतु कोण गाठत नाही, हे तेथे मोजता येते. अमेरिकेने मोजपट्टीच फेकून दिली.

महाराष्ट्राच्या दारात

या साऱ्याचा मराठी घरांशी संबंध दुहेरी आहे. अमेरिकेने 1965 मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला. त्यानंतर तेथे गेलेली मराठी अभियंत्यांची आणि डॉक्टरांची पहिली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांच्यापैकी ज्यांना परावलंबित्व येईल, त्यांच्यापुढे याच नर्सिंग होमचा पर्याय आहे. दुसरीकडे, मुले परदेशी किंवा परगावी असलेल्या पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक येथील वृद्धांसाठी सशुल्क निवास वाढत आहेत. त्यांतील अनेक ठिकाणी आता केवळ धडधाकट वृद्ध राहत नाहीत. अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंश झालेले, नळीवाटे अन्न घेणारे रुग्णही राहतात. नाव वृद्धाश्रमाचे असले, तरी काम अमेरिकेतील नर्सिंग होमचे चालते. तेथील शुश्रूषेचा भार असतो तो बहुतांशी औपचारिक प्रशिक्षण नसलेल्या, बारा-बारा तासांच्या पाळीत राबणाऱ्या 'मावशीं'वर.

2007 च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने दर जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान 150 जणांची सोय असलेला एक वृद्धाश्रम असावा, असे म्हटले. मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवण्याचा मार्गही खुला केला. मात्र खासगी वृद्धनिवासात रात्री किती माणसे कामावर असावीत, एखादा वृद्ध पडला तर कुणाला कळवावे, शय्याव्रणांची नोंद कुणी तपासावी, याबद्दल हा कायदा बोलत नाही. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात वृद्धनिवासांची आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान दर्जा यांची तरतूद होती. लोकसभेची मुदत संपल्याने 2024 मध्ये ते विधेयक बारगळले. ज्येष्ठांसाठी 2021 पासून 14567 हा मदत क्रमांक सुरू आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण ज्याला हात उचलता येत नाही आणि आपले नावही आठवत नाही, त्याने दूरध्वनी कसा करावा? अमेरिकेत किमान जखमा झाकल्या गेल्याचे चौकशीत उघड होते. आपल्याकडे त्या मोजणारेच कुणी नाही.

वृद्धाश्रमात आई-वडिलांना ठेवणे हे पाप की गरज, यावर मराठीत वर्षानुवर्षे भावनेच्या भरात चर्चा झाली. त्या चर्चेत मुलांची कृतघ्नता हा एकच विषय राहिला आणि संस्थेचे उत्तरदायित्व बाजूला पडले. आता प्रश्न बदलला आहे. वृद्धांना संस्थेत ठेवावे लागणारच असेल, तर त्या संस्थेने काय द्यावे हे कायद्याने लिहून ठेवले पाहिजे. नोंदणी, अघोषित तपासणी, दुखापतीची 24 तासांत खबर आणि रहिवाशामागे परिचर्येच्या वेळेचे किमान प्रमाण, एवढ्या चार गोष्टींनी सुरुवात करता येईल. राज्याला त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही.

तोवर भेटीला जाणाऱ्या कुटुंबीयांनीच डोळे उघडे ठेवणे भाग आहे. स्वागतकक्षातील फुलदाणी आणि बागेतले बाक पाहून संस्थेची पारख होत नाही. रात्री किती वृद्धांमागे किती माणसे असतात, हे विचारावे. पाणी हाताच्या अंतरावर आहे का, ते पाजायला कुणी आहे का, हे पाहावे. वजन दर महिन्याला नोंदले जाते का, नवे औषध कशासाठी सुरू झाले, हे विचारावे. आणि संकोच बाजूला ठेवून एकदा पांघरूण दूर करून टाचा आणि पाठ पाहावी. टाचेवरचा लालसर डाग हा पहिला इशारा असतो. त्या टप्प्यावर कुणी पाहिले तर इलाज सोपा असतो. उशीर झाला तर उरते ते केवळ मृत्यूच्या दाखल्यावरचे कारण, आणि त्या दाखल्यावर 'माणसे कमी होती' असे कधीच लिहिलेले नसते.